कपाटाची किल्ली कुणाकडे?

शाळेतल्या ग्रंथालयाबद्दल प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं, गावं आणि शाळा काढून फक्त तालुका ठेवला आहे. ‘आमच्याकडे पुस्तकंच नाहीत’ अशी तक्रार थोड्यांची आहे. बाकीच्यांकडे पुस्तकं आहेत, ती लोखंडी कपाटात आहेत आणि कपाटाला कुलूप आहे.

मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला आहे. गोष्टीचं पुस्तक मागितलं की ‘मोठी झालीस की देऊ’ असं उत्तर मिळतं. शाळेत ग्रंथालय असणं बंधनकारक आहे का? मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, पण सभेत नेमकं काय मागायचं ते कळत नाही. – एक पालक, कोरेगाव तालुका

बंधनकारक आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवं याची यादी आहे. त्यात ग्रंथालय येतं, आणि त्या ग्रंथालयात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं हवीत असं म्हटलं आहे. गोष्टींच्या पुस्तकांचा उल्लेख कायद्यातच असल्यामुळे ‘अवांतर वाचन नंतर बघू’ याला आधार उरत नाही. ती ओळ सभेत वाचून दाखवा.

त्याच कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला ठेवायला सांगितलं आहे. शाळा विकास आराखडा करणं आणि अनुदान कुठं खर्च झालं ते बघणं ही समितीची कामं. तेव्हा पुस्तकांबद्दल विचारताना ‘लुडबुड करतोय का’ असा संकोच बाळगू नका.

सभेला जाण्याआधी एक हिशेब करा. शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक (सरकारदरबारी प्रत्येक शाळेची ओळख असलेला क्रमांक) घ्या आणि सरकारी संकेतस्थळावर शाळेची माहिती उघडा. ग्रंथालय आहे का, पुस्तकं किती, हे रकाने तिथं सापडतील. तो आकडा, दाखल नोंदवहीतला (शाळेत आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिच्यात नोंदतात ती वही) आकडा आणि कपाटात प्रत्यक्ष मोजलेला आकडा असे तीन आकडे शेजारी-शेजारी लिहा. ते सहसा जुळत नाहीत. दर वेळी लबाडीच असते असं नाही. जुनी पाठ्यपुस्तकं, शिक्षक हस्तपुस्तिका, प्रशिक्षणात मिळालेले संच असं सगळं ‘पुस्तकं’ म्हणून मोजलेलं असतं. चौथीच्या मुलीला हातात घेऊन वाचता येतील अशी किती, हा चौथा आकडा वेगळा काढा. सभेत तोच बोलतो.

ठराव मोघम नको. ‘वाचन संस्कृती वाढवण्यात यावी’ असा ठराव सगळे टाळ्या वाजवून मंजूर करतात आणि विसरतात. त्यापेक्षा असा मांडा: दर शनिवारी प्रत्येक वर्गाला एक तासिका ग्रंथालयाची, त्या दिवशी प्रत्येक मुलाला एक पुस्तक घरी, जबाबदार शिक्षकाचं नाव ठरावात, महिन्याभरात किती पुस्तकं घरी गेली तो आकडा पुढच्या सभेत वाचायचा.

पैशांचं म्हणाल तर समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे, प्राथमिक शाळेला ५,००० रुपयांपर्यंत आणि पहिली ते आठवीच्या शाळेला १३,००० रुपयांपर्यंत. मंजुरी त्या-त्या वर्षीची असते. अडचण अशी की पैसे आर्थिक वर्षाच्या शेपटाला येतात आणि ३१ मार्चच्या आत संपवायचे असतात. मग विक्रेता जे गठ्ठे बांधून आणतो ते घेतले जातात. यावर उपाय म्हणजे नोव्हेंबरमध्येच मुलांना विचारून पुस्तकांची यादी तयार ठेवणं, प्रकाशकाचं नाव आणि किंमत यांसकट. सरासरी किंमत ५० रुपये धरली तर ५,००० मध्ये १०० पुस्तकं बसतात. त्यात पहिली-दुसरीसाठी मोठ्या अक्षरांची, भरपूर चित्रांची निदान ४० असावीत. ती सर्वांत आधी फाटतात आणि सर्वांत कमी घेतली जातात.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, हे खरं. पण तो पहिल्याच आठवड्यात टाकलात तर उत्तर मिळेल आणि गुरुजींशी बोलणं तुटेल. दोन सभा होऊनही नोंदवही दाखवली नाही तरच त्या वाटेला जा.

शाळेची ३४० पुस्तकं माझ्या नावावर आहेत, पट ६० आहे. एखादं हरवलं तर वसुली माझ्याकडून होईल असं जुने सहकारी सांगतात. मुलांना पुस्तकं द्यायची खूप इच्छा आहे, पण फाटली-हरवली तर काय करू? – उपशिक्षक, तासगाव तालुका

कपाटं बंद राहण्याचं मूळ इथंच आहे, म्हणून जरा सविस्तर.

आधी आकडेमोड. ६० मुलं, आठवड्याला एक पुस्तक, वर्षात धरा ३० आठवडे. म्हणजे १,८०० वेळा पुस्तक बाहेर जाऊन परत येणार. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, नियम २१५ मध्ये, वर्षभरात दिल्या-घेतल्या किंवा चाळल्या गेलेल्या दर १,००० ग्रंथांमागे ५ ग्रंथांची हानी वाजवी मानावी, असं म्हटलं आहे. अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल एवढीच अट. तो नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेला थेट लागू नाही. पण सरकारच ग्रंथालयात थोडी झीज गृहीत धरतं हे दाखवायला तो उत्तम आहे. त्या मापानं तुमच्या १,८०० देवघेवींना ९ पुस्तकं होतात. पन्नास रुपयांच्या भावानं ४५० रुपये. ६० मुलांच्या वर्षभराच्या वाचनाची ही किंमत समितीपुढे मांडा आणि ‘इतपत हानी समिती मान्य करते’ असा ठराव आधीच लिहून घ्या. पुस्तक हरवल्यावर केलेला ठराव सारवासारवीसारखा दिसतो.

दरवर्षी एप्रिलमध्ये साठा पडताळणी करा. हरवलेल्या आणि फाटलेल्या पुस्तकांची दाखल क्रमांकासह यादी, समितीचा ठराव आणि निर्लेखनाचा, म्हणजे ती पुस्तकं नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत (आसपासच्या शाळांच्या गटाला केंद्र म्हणतात) तालुक्याला जाऊ द्या. पोच घ्या. वसुलीची वेळ बहुधा एखादं पुस्तक हरवल्यानं येत नाही. दहा वर्षं मोजणीच झाली नाही आणि कार्यभार देताना ८० पुस्तकं कमी भरली, की येते. दरवर्षीच्या चार-पाचची नोंद कागदावर असेल तर तुम्ही मोकळे.

आता देवघेव. पुस्तकवार नोंद ठेवू नका, मूलवार ठेवा. २०० पानी वहीत प्रत्येक मुलाला एक पान द्यायचं आणि तारीख, दाखल क्रमांक, परत तारीख एवढेच तीन रकाने आखायचे. शिक्का आतल्या पहिल्या पानावर आणि आणखी एका ठरलेल्या पानावर मारा. पातळ पुस्तकं १६ पानांचीच असतात, म्हणून ७ वं पान ठरवणं सोयीचं. मुखपृष्ठ गेलं तरी पुस्तक शाळेचं हे त्यावरून कळतं. साठही मुलांना एकाच तासिकेत बोलावलं तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं मिनिट येतं, रांगेत ढकलाढकली होते आणि मुलं हाताला लागेल ते उचलतात. रोज एक वर्ग घ्या. नोंदी चौथीची दोन मुलं लिहितील. तुमच्यापेक्षा कडक असतात ती.

दंड नको. दोन रुपये दंड लावला की आधी गरीब घरातलं मूल पुस्तक नेणं थांबवतं, तेही कुणाला न सांगता. पुस्तक फाटलं तर त्या मुलाला दुरुस्तीला बसवा, शिक्षा म्हणून नाही, चार जणांसोबत.

दुरुस्तीत दोन चुका सगळीकडे दिसतात. एक म्हणजे सेलोटेप. वर्षा-दोन वर्षांत ती पिवळी पडते, सुटते आणि जाताना छपाई घेऊन जाते. पातळ पांढऱ्या कागदाची पट्टी आणि थोडं पाणी घातलेला फेव्हिकॉल पुरतो. बाइंडर खळीत मोरचूद घालतात ते कीड लागू नये म्हणून, पण मोरचूद विषारी आहे. लहान मुलांच्या पुस्तकांत ती खळ नको. दुसरी चूक म्हणजे स्टेपलरच्या पिना तशाच राहू देणं. पावसाळ्यात त्या गंजतात आणि मधलं पान गळून पडतं. पिना काढा, पुस्तक मधोमध उघडा, घडीवर दाभणानं तीन भोकं पाडा: एक मध्यावर, दोन वर-खाली कडेपासून दीड-दीड इंचावर. दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, मधलं भोक ओलांडून खालच्यातून बाहेर काढा आणि पुन्हा मधल्यातून आत आणा. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना यायला हवीत; टाका मध्ये धरून गाठ मारा. दोन्ही टोकं एकाच बाजूला आली तर गाठ सैल पडते. एका पुस्तकाला पाच मिनिटं लागतात.

आणि खाकी कव्हर घालू नका. मुलं चित्र बघून पुस्तक निवडतात, खाकी गठ्ठ्यातून काय निवडणार? पातळ पुस्तकं दोरीवर टांगा. पुस्तक मध्यावर उघडून दोरीवर अडकवलं की १२ फुटांच्या दोरीवर १५-१६ मावतात. दोरी पहिलीच्या मुलाच्या खांद्याइतक्या उंचीवर हवी, आणि मध्ये एक जादा खिळा हवा, नाहीतर आठवड्यात झोळी होते. जाड पुस्तकं टांगली की पुठ्ठा निखळतो. ती कपाटातच बरी, दार उघडं ठेवून.

आमची शाळा मराठी माध्यमाची, पण बहुतेक घरांत कन्नड बोलतात. ग्रंथालयात कन्नड पुस्तकं ठेवली तर मराठी मागं पडेल, असं काही पालक म्हणतात. – शिक्षिका, जत तालुका

उलट होतं. कन्नडमधून गोष्ट कळली की तीच मराठीतून वाचताना मुलाचं लक्ष अक्षरांवर राहतं, अर्थाशी झगडावं लागत नाही. म्हणून एकच गोष्ट दोन भाषांत असेल अशा जोड्या मिळवा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर एकाच गोष्टीच्या मराठी आणि कन्नड आवृत्त्या सापडतात, चार पातळ्यांत लावलेल्या असतात, फुकट उतरवून घेता येतात आणि लेखक-चित्रकारांची नावं कायम ठेवून छापताही येतात. पहिल्या पातळीपासून सुरुवात करा, मूल कितवीत आहे ते बघू नका.

कन्नड पुस्तकांसाठी वेगळा खण केला की तिकडं कुणी फिरकत नाही. दोन्ही प्रती एका पिशवीत घालून जोडीनंच घरी द्या. मुलाला कन्नड लिपी येत नसेल तरी तुमच्या तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, घरात नाहीतर शेजारी ती लिपी वाचणारं कुणीतरी असतंच. आजोबा वाचतील, नातू ऐकेल. शेजारच्या कन्नड शाळेशी महिन्यातून एकदा पुस्तकांची अदलाबदल ठरवलीत तर त्यांनाही मराठी पुस्तकं मिळतील. हरकत घेणाऱ्या पालकांना समजावत बसण्यापेक्षा एका शनिवारी वर्गात बोलावून मुलांकडून दोन्ही पुस्तकं वाचून घ्या.

पट ११, दोन शिक्षक, डोंगरात शाळा. अनुदान नावाला येतं. सगळी पुस्तकं मुलांनी दिवाळीपर्यंतच वाचून संपवली. – मुख्याध्यापक, पाटण तालुका

मुलांनी पुस्तकं संपवली ही तक्रार आम्हाला फार आवडली.

तुमच्या केंद्रात दहा-बारा शाळा असतील. प्रत्येक शाळेनं २५ पुस्तकांची एक पत्र्याची पेटी करायची आणि दर महिन्याच्या शिक्षण परिषदेला, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीला, सोबत आणायची. तिथं पेट्यांची अदलाबदल: तुमची पुढच्या शाळेला, मागच्या शाळेची तुम्हाला. दहा शाळा असतील तर मुलांसमोरून वर्षभरात २५० वेगळी पुस्तकं जातात. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा, म्हणजे मोजणी दोन मिनिटांत होते. बिघडतं ते दोन ठिकाणी. सगळ्या शाळांनी एकाच विक्रेत्याकडून एकच संच घेतलेला असतो, मग दहा पेट्यांत तीच २५ पुस्तकं फिरतात. खरेदीआधी केंद्रात याद्या जुळवून वेगळ्या करा. आणि शिक्षण परिषद रद्द झाली की चक्र अडतं. त्या महिन्याला पेटी कोण कुणाकडं पोचवणार हे जूनमध्येच लिहून ठेवा.

वाडी-वस्ती लांब असेल तर अशीच एक पेटी वस्तीवरच्या घरात ठेवता येते. तुमच्याच जिल्ह्यात पाचगणीजवळचं भिलार ४ मे २०१७ ला ‘पुस्तकांचं गाव’ झालं, तिथं लोकांनी राहत्या घरांत पुस्तकांना जागा दिली. तेवढा थाट नको. मात्र घर निवडताना दुपारी कोण घरी असतं ते बघा. किल्ली भाताच्या खाचरात गेली की मुलं दारावरून परत फिरतात.

पाटणच्या पावसात बुरशी येणारच. कपाट भिंतीपासून दोन इंच पुढं ओढा, उघडीप मिळेल त्या दिवशी दारं सताड उघडी टाका. पुस्तकांवर प्लॅस्टिक चढवलं असेल तर पावसाळ्यापुरतं काढा. ओल आत कोंडते.

दर दोन-तीन वर्षांनी शाळेत पाणी शिरतं. २०१९ ला सगळी पुस्तकं गेली, २०२१ ला पुन्हा धावपळ. काय वाचवायचं आणि कसं? – शिक्षक, पलूस तालुका

आधी तयारी. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. कितव्या फुटाला तुमच्या शाळेच्या पायरीला पाणी लागतं ते गावातल्या जुन्या माणसांकडून लिहून घ्या, आणि त्याच्या पाच फूट आधी पुस्तकं हलवायची असं ठरवा. पुस्तकं पोत्यांत बसतात, पण पोतं भरलं की उचलत नाही आणि ओल धरतं. झाकणाचे प्लॅस्टिक क्रेट बरे. दाखल नोंदवहीच्या प्रत्येक पानाचा फोटो दरवर्षी जूनमध्ये मोबाइलवर काढून दोघा-तिघांकडे ठेवा. नोंदवही गेली तर काय गेलं हेच सिद्ध करता येत नाही.

पाणी ओसरल्यावर: काहीही फेकण्याआधी फोटो आणि पंचनामा. पुराचं पाणी गटाराचं, गोठ्याचं, शेतातल्या औषधांचं असतं, तेव्हा त्यात बुडालेली ५० रुपयांची पुस्तकं सुकवून मुलांच्या हातात देऊ नका. वाचवायची ती नोंदवह्या, जुनी दुर्मिळ पुस्तकं आणि फक्त कडेनं किंवा गळक्या छतानं ओली झालेली. दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, म्हणून घाई करा. ओलं पुस्तक पिळू नका, पानं जबरदस्तीनं सोडवू नका. उभं करून पानं किंचित फाकवा, दर १५-२० पानांनंतर कोरा कागद घाला आणि तो तासा-दोन तासांनी बदला. छापील वर्तमानपत्र घातलंत तर शाई उतरण्याचा धोका राहतो. पंखा लावा, कडक उन्हात टाकलंत तर पानं आखडतात. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं सुकताना विटेसारखी होतात, त्यांची पानं ओली असतानाच सुटी करावी लागतात. मास्क आणि हातमोजे विसरू नका.

बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ओली पुस्तकं ठेवली तर चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. कल्पना चांगली आहे, ओले ग्रंथ गोठवून बुरशी थांबवण्याची पद्धत खरोखरच वापरतात. पण बेदाण्याला शून्याच्या वरचं तापमान लागतं, तेवढ्यानं बुरशी मंदावते, थांबत नाही. शिवाय गटाराच्या पाण्यातली पुस्तकं खाण्याच्या मालाशेजारी कुणी ठेवू देणार नाही, आणि देऊही नये.

अनुदानित हायस्कूलमध्ये ग्रंथपाल आहे. दिवसभर कारकुनी, परीक्षेची कामं, बदली तासिका. ग्रंथालय उघडतंच कधी? – कराड तालुका

महिनाभर रोज किती वाजता दार उघडलं, किती वाजता बंद झालं आणि मधल्या वेळात कुठलं काम सांगितलं गेलं, याची साधी नोंद ठेवा. तक्रार न करता ती मुख्याध्यापकांपुढे ठेवा आणि एकच मागा: मधली सुट्टी आणि शाळा सुटल्यानंतरची ३० मिनिटं दुसरं काम नको. हे मान्य होणं सोपं असतं, आणि हायस्कूलची मुलं येतात ती त्याच वेळी. प्राथमिक शाळांना तर ग्रंथपालाचं पदच नसतं, एवढं सोबत लक्षात असू द्या.

गावातल्या लोकांना शाळेच्या ग्रंथालयाचं महत्त्व कसं पटवायचं? गलाईवाले (सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी परगावी गेलेले गावकरी) यात्रेला येतात, मंदिराला भरभरून देतात. पुस्तकांचं आवाहन केलं तर रद्दी जमा झाली. – माजी विद्यार्थी, खानापूर तालुका

फेरी आणि घोषणा सोडा. वाचन प्रेरणा दिनाला, १५ ऑक्टोबरला, अनेक शाळांत पुस्तकं ओट्यावर मांडली जातात, फोटो निघतात आणि १६ तारखेला पुन्हा कुलूप लागतं. गावाला हे दिसत असतं.

लोकांना आकडा दाखवा. शाळेच्या फाटकाजवळ एक फळा ठेवा, त्यावर दर सोमवारी खडूनं लिहा: या महिन्यात घरी गेलेली पुस्तकं अमुक, हरवलेली अमुक, सध्या रांग लागलेलं पुस्तक अमुक. तिसरी ओळ सोडू नका, पार बदलून जातं बोलणं. लोक त्या पुस्तकाबद्दल विचारायला लागतात. ग्रामसभेत एखाद्या मुलानं दोन मिनिटं पुस्तकातला उतारा वाचावा आणि लगेच ग्रामपंचायत विकास आराखड्यात ग्रंथालयासाठी मांडणी आणि वर्तमानपत्र यांची मागणी लेखी द्यावी. गावात सार्वजनिक वाचनालय असेल तर त्यांच्याशीही बोला. ती वाचनालयं १९६७ च्या राज्य कायद्याखाली अनुदान घेतात, शाळेची ग्रंथालयं त्या कायद्यात येत नाहीत. पण त्यांच्या बाल विभागातली पुस्तकं शाळेत फिरवायला बहुतेक पदाधिकारी तयार असतात, कारण त्यांनाही वाचक दाखवायचे असतात.

देणगीचं आवाहन मात्र बदला. ‘पुस्तकं द्या’ म्हटलं की माळ्यावरची पुस्तकं येतात. यात्रेच्या महिनाभर आधी व्हॉट्सअ‍ॅप गटावर ५० पुस्तकांची यादी टाका, प्रत्येकासमोर किंमत आणि रिकामी जागा. ज्यानं जे घेतलं त्याचं नाव त्या जागेत भरत जा. ‘किशोर’ मासिकाची वर्षाची वर्गणी हीसुद्धा यादीतली एक ओळ असू द्या. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय, देणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी लहानपणी वाचलेलं असतं, ती ओळ पहिली भरते. रोख देणाऱ्याला पावती आणि दिलेल्या पुस्तकावर नावाची चिठ्ठी, एवढं पुरे; कोनशिला नको. यादीच्या तळाशी ठळक लिहा की स्पर्धा परीक्षेची जुनी गाईडं घेतली जाणार नाहीत. लिहायला अवघड वाटतं, पण नाही लिहिलं तर पहिलं पोतं त्याचंच येतं.